बिलं मशीन टाकतंय, मग मुलीला कॉमर्सला कशाला घालू?

पत्र थोडक्यात असं. पत्रलेखक वडोदऱ्याचे, वय ४९. पाइप-फिटिंगच्या एका घाऊक पेढीत १९९८पासून हिशेब सांभाळतात. लिहितात, ‘मी लागलो तेव्हा आमचे मेहताजी लाल चोपड्यात लिहायचे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं आणि वर्षभरात ते घरी बसले. त्यांच्या जागी मी.’ आता शेठच्या मुलाने नवीन अ‍ॅप आणलंय. बिलाचा फोटो काढला की नोंद आपोआप टॅलीत जाते. ‘माझं दोन दिवसांचं काम परवा एका दुपारी उरकलं. (दोन बिलं चुकली होती, ती मी नंतर नीट केली. एक तर बिलच नव्हतं, एस्टिमेट होतं. दुसऱ्यात एकाच नावाच्या दोन फर्म, अ‍ॅपने भलतीच्याच खात्यात टाकलं.) माझे दिवस भरलेत, हे मला कळतंय.’

मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. ८३ टक्के. तिला एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम. करायचंय, जमलं तर सी.ए. वडिलांनी तिच्यासाठी ‘एआय आणि डेटा सायन्स’चा नऊ महिन्यांचा ऑनलाइन कोर्स ठरवलाय. फी १,८५,००० रुपये, हप्त्यांवर. सीट राहावी म्हणून ५,००० भरूनही झाले. मुलीने बोलणं टाकलंय. शेवटचं वाक्य म्हणाली ते असं: ‘बाबा, भीती तुम्हाला वाटतेय, मग कोर्स मी का करायचा?’ आई दोघांच्या मधे. वडील विचारतात, ‘ज्या कामातून माझीच गच्छंती ठरलेली आहे, त्यात पोटच्या पोरीला ढकलू का?’

नमस्कार.

तुमच्या लेकीचं वाक्य वाचून आधी हसू आलं. ही पोरगी सी.ए.च्या नादी कशाला लागलीय, सरळ वकिली करायची! पण तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत. माझ्या नोकरीचं काय होणार, हा एक. मुलीने काय शिकावं, हा दुसरा. तुम्ही दोघांना मिळून एकच उत्तर शोधलंत आणि त्याचे हप्ते भरायला निघालात. आपण ते आधी वेगळे करू.

पहिला तुमचा. सगळ्या पत्रात मला महत्त्वाचा वाटला तो तुम्ही कंसात टाकलेला मजकूर. एस्टिमेट आणि बिल यांतला फरक तुम्हाला कागद हातात घेताच कळला. एका नावाच्या दोन फर्म आहेत, मालक भाऊ-भाऊ असतील, जीएसटी नंबर वेगळे आहेत, हे तुम्हाला तोंडपाठ. अ‍ॅपने नोंद केली तुमच्यापेक्षा कितीतरी लवकर, पण ती बरोबर आहे की नाही हे सांगायला खोलीत एकच माणूस होता. आणि त्याच माणसाने ‘माझे दिवस भरलेत’ असं लिहून पाठवलं.

आता एवढ्यावर मी तुम्हाला ‘काळजी करू नका, माणसाची जागा कोण घेणार’ असं म्हणणार नाही. तसं म्हणणं लबाडी होईल. हे अ‍ॅप सुधारत जाईल. पुढल्या वर्षी ते एस्टिमेट ओळखेल, जीएसटी नंबर पडताळून पाहील. ज्या पेढीत हिशेबाला तिघं बसायची तिथे एक पुरेल, आणि निव्वळ बिलं टाकणाऱ्याला कोणी आजच्यासारखा पगार देणार नाही. एवढं मान्य करून पुढे जाऊ. प्रश्न असा की बिलं टाकणं हे तुमच्या कामातलं किती? तुम्ही ते शंभर टक्के धरून चाललायत. मला ते पटत नाही.

तुमच्याच महिन्याकडे बघा. (तुम्हाला हे पाठ आहे, पण ज्यांच्या घरी कोणी हिशेबनीस नाही अशाही वाचकांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते.) महिन्याची विवरणं भरणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या विक्रीची बिलं ११ तारखेपर्यंत पोर्टलवर दाखवायची. त्यावरून १४ तारखेला खरेदीदाराचं जीएसटीआर-२बी तयार होतं. कोणत्या खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, तुम्हाला मिळणार, ते त्यात दिसतं. २० तारखेपर्यंत ३बी हे महिन्याचं विवरण भरून कर चुकता करायचा. समजा तुमच्या शेठने दोन लाखांचे पाइप घेतले, वर १८ टक्क्यांनी ३६,००० कर दिला. विकणाऱ्याने ते बिल दाखवलंच नाही, तर २बीमध्ये ते येत नाही, आणि २०२२पासून नियम असा की जे तिथे नाही त्याचं क्रेडिट नाही. म्हणजे एकदा दिलेले ३६,००० शेठला पुन्हा खिशातून भरायचे.

१५ तारखेला सकाळी त्या विकणाऱ्याला फोन कोण करतं? तुम्ही. तो म्हणतो, ‘भाऊ, आवता महिने नाखी दईश.’ (पुढच्या महिन्यात टाकतो.) मग शेठ चिडून म्हणतात, त्याचं पेमेंट अडकवून ठेवा. आणि तुम्ही सांगता, शेठ, जरा थांबा, तो लहान उद्योग म्हणून नोंदलेला आहे, त्याचे पैसे लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. थकवून वर्ष ओलांडलं तर तो खर्च यंदा आयकरात धरता येणार नाही. २०२३-२४पासूनचा हा नियम. एक कायदा सांगतो कर दाखवल्याशिवाय क्रेडिट नाही, दुसरा सांगतो पैसे वेळेत दे, आणि मधे बसलेत तुमचे शेठ, ज्यांचा त्या माणसाशी वीस वर्षांचा व्यवहार आहे. मशीन फार तर लाल खूण करून देईल. त्या खुणेचं काय करायचं, कोणाला किती ताणायचं, कोणाच्या घरी मार्चमध्ये लग्न आहे म्हणून तो अडलाय आणि कोण नेहमीचाच बुडव्या, हे ठरवून कोणाला तरी शेठसमोर उभं राहून बोलावं लागतं. चुकलं तर ऐकूनही घ्यावं लागतं. शेठ अ‍ॅपवर ओरडू शकत नाहीत, हा तुमच्या नोकरीचा मोठाच आधार आहे.

तेव्हा एक वही करा. एक महिनाभर रोज संध्याकाळी दोनच रकाने लिहायचे. आज नुसत्या नोंदीत किती वेळ गेला आणि बाकीच्या कामात किती. ‘बाकीच्या’त काय काय आलं तेही लिहा. बँकेचा फोन, पोर्टलवरची नोटीस, उधारीची आठवण, सी.ए.च्या ऑफिसातून मागितलेले कागद. महिना संपला की ती वही घेऊन स्वतःहून शेठकडे जा. अ‍ॅपमुळे माझे इतके तास मोकळे होतायत, त्यात मी हे हे करतो, म्हणून सांगा. पाइपच्या धंद्यात लाखो रुपये उधारीत अडकतात, त्याची वसुली नीट बघायला कोणाला वेळ नसतो. तो वेळ आता तुमच्याकडे आलाय. शेठने बोलावून सांगण्याआधी आपण जाऊन बोलणं, यात फार फरक पडतो.

शेठ ‘हो’ म्हणतील याची हमी मी कुठून देऊ? नाहीच म्हणाले तर वडोदऱ्यात अशी छोटी दुकानं आणि मकरपुऱ्यात असे कारखाने पुष्कळ आहेत ज्यांना पूर्ण वेळ माणूस परवडत नाही, पण महिन्यातून चार-पाच दिवस जाणकार माणूस हवा असतो. अशी दोन-तीन कामं आत्तापासून डोक्यात ठेवा. घर चालतं आहे तेव्हाच हे शोधायचं असतं.

आणि ते अ‍ॅप शिकून घ्या. शेठच्या मुलाकडूनच शिका, त्यात कमीपणा काही नाही. शिकताना त्याला दोन गोष्टी मात्र आवर्जून विचारा. पहिली, आपल्या बिलांचे फोटो, गिऱ्हाइकांचे बँक खात्यांचे आणि पॅनचे नंबर हे अ‍ॅप कुठे साठवतं? फुकटात मिळालेल्या अ‍ॅपमध्ये पेढीचा सगळा व्यवहार ओतायचा नसतो. दुसरी गोष्ट याहून जवळची. अ‍ॅपने केलेली नोंद टॅलीत कोणाच्या नावाने पडते? कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, कोणी केला, कधी केला, जपून ठेवणं बंधनकारक झालंय. तुमची पेढी भागीदारीची असेल तर हा नियम तिला लागू नाही, पण सवय चांगली आहे. अ‍ॅप जर तुमच्या लॉगिनने नोंदी टाकत असेल, तर त्याने घातलेला प्रत्येक घोळ कागदोपत्री तुम्ही घातलेला असतो. अ‍ॅपसाठी वेगळा युजर करून मागा. हे मी हिशेबाच्या कामात असलेल्या प्रत्येकाला सांगेन, मग तो शिकाऊ असो की मुरलेला.

आता तुमच्या मेहताजींविषयी. ते घरी बसले, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं सगळी भीती त्या ओळीतून आलीय. त्यांच्या जागी तुम्ही बसलात आणि आता तुमच्या जागी कोण, हा हिशेब तुमच्या मनात चालू आहे. मला एवढंच विचारायचंय, त्यांना टॅली कोणी शिकवलं होतं का? ‘मेहताजी, तुम्ही बसा इथे, मी दाखवतो’ असं कोणी म्हणालं का? की शेठने, तुम्ही, सगळ्यांनीच धरून चाललं होतं की ह्या वयात त्यांना जमणार नाही? उत्तर मला कळवू नका. पण आज तुमच्याबद्दल तेच धरून चालणारे पहिले तुम्हीच आहात.

आपल्या गावाला हे काही नवीन नाही. सयाजीरावांनी १८९०मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ती त्रिभुवनदास गज्जर या रसायनाच्या प्राध्यापकाच्या हाती दिली. तो काळ असा की विलायती रासायनिक रंग बाजारात आले होते आणि देशी रंगाऱ्यांच्या पिढीजात विद्येला विचारेनासं झालं होतं. गज्जरांनी रंगकामाचं नवं रसायनशास्त्र शिकवायला घेतलं. पुढे १९०७मध्ये इथेच अ‍ॅलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी राहिली, तीही गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या हातून. यात सगळेच जुने रंगारी तरले असतील असं मुळीच नाही. पण कापड, पाणी, रंग धरणं, रंग उडणं हे ज्याला आधीपासून कळत होतं, त्याला नवं रसायन शिकणं कोऱ्या माणसापेक्षा सोपं गेलं असणार, असं मला आपलं वाटतं.

हे डोक्यात ठेवून तुमच्या मुलीकडे येऊ.

तुम्ही धरून चाललायत की कॉमर्स बुडतंय आणि एआयचा कोर्स म्हणजे होडी. मशीन जर पहिल्या पायरीचं काम खाणार असेल, तर ते फक्त हिशेबातलंच का खाईल? नऊ महिन्यांच्या कोर्समध्ये जे शिकवतात, म्हणजे माहिती साफ करणं, तयार कोड चालवणं, आलेख काढणं, तेही पहिल्याच पायरीचं काम आहे, आणि हे ह्या मशीनला चांगलं जमतं. बारावीनंतर लगेच, ना गणिताचा पाया ना कुठल्या धंद्याची ओळख, अशा मुलीला नऊ महिन्यांनी कोणी नोकरीवर घेईल? घेईल तर कशासाठी? आगीतून उठून फुफाट्यात नको.

अर्थात बी.कॉम. म्हणजे तरी काय, हेही बघायला हवं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात गाइड आणून पास व्हायचं, असं बी.कॉम. असेल तर तुमची भीती रास्त आहे. त्या डिग्रीला आधीही फारसं कोणी विचारत नव्हतं. सी.ए.चे निकाल कसे लागतात तेही तुम्ही बाजारात बघताच. तीन टप्प्यांच्या परीक्षा, २०२३च्या नव्या रचनेत तीनाची दोन वर्षं झालेली आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी), आणि मधे दोन-तीन वेळा नापास होणाऱ्यांत हुशार मुलंही असतात. तिला हे ठाऊक आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नुसतं ‘नको’ म्हणू नका.

खरी काळजी मला वेगळीच वाटते, आणि त्यावर कुठली जाहिरात बोलत नाही. आजवर हिशेबातली माणसं शिकली कशी? बिलं टाकून. हजारो बिलं हाताखालून गेली की आठशेच्या जागी आठ हजार दिसताच खटकायला लागतं. तुम्ही असेच तयार झालात. ते कंटाळवाणं काम हीच तुमची शाळा होती. आता ते काम अ‍ॅप करणार, तर नव्या मुलांना ती नजर येणार कुठून? ऑफिसं तर म्हणणार, आम्हाला चुका पकडणारी माणसं हवीत. चुका न करता चुका पकडायला कोण शिकलंय? हे फक्त हिशेबाचं नाही. पत्रकारितेत, वकिलीत, भाषांतरात, सगळीकडे शिकाऊ माणसाचं काम आधी जातंय.

तुमच्या मुलीला मात्र ही शाळा घरातच मिळू शकते. तिला घेऊन एक महिना बसा. पेढीचे कागद शेठच्या परवानगीशिवाय घरी आणू नका. तुमच्या मेव्हण्याचं, शेजाऱ्याचं, कोणाचं तरी छोटं दुकान असेलच, त्याला विचारा. महिन्याभराची बिलं तिला हाताने टाकू द्या. आधी कागदावर, जमा-नावे लिहून. मग टॅलीत. मग तीच बिलं त्या अ‍ॅपमधून काढा आणि दोन्ही ताळेबंद समोरासमोर ठेवून तिला म्हणा, कुठे फरक पडला ते शोध. तिला मजा आली, रात्री जेवायला हाक मारली तरी उठेना, तर तुम्हाला उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी ती जांभया द्यायला लागली, तर सी.ए.चं भूत तिचं तीच उतरवेल आणि तुम्हाला वाईट व्हावं लागणार नाही. दोन्हीकडून फायदाच आहे.

एआय तिने शिकूच नये असं माझं म्हणणं नाही. शिकायलाच हवं, पण बी.कॉम.च्या बरोबरीने, आणि कर्ज काढून नव्हे. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर, २०१७पासून चालू आहे ते, आयआयटीसारख्या संस्थांचे कोर्स फुकट बघता येतात, फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. एक्सेल पक्कं, थोडी संख्याशास्त्राची ओळख, मग पायथन. पहिल्या वर्षात एवढं झालं तरी पुष्कळ. तिने एक कोर्स शेवटपर्यंत पुरा केला तर पुढच्यासाठी पैसे घालायला हरकत नाही. अर्धवट सोडला तर तुमचे एक लाख ऐंशी हजार वाचले.

त्या ५,००० रुपयांचं आता बघू, कारण तिथे घाई आहे. सीट ठेवायला पैसे घेणं, रोज दोन-तीन फोन, ‘आज रात्रीपर्यंतच ही फी’, हा सगळा विकण्याचा मामला आहे. ऑनलाइन कोर्सच्या सीटला कसली आलीय मर्यादा! पुढचं काही करण्याआधी कागद मागा. हे ‘हप्ते’ कंपनी घेतेय की मधे एखादी कर्ज देणारी संस्था आहे? बहुतेक वेळा कर्जच असतं, आणि ते पालकाच्या नावावर निघतं. मुलगी कोर्स सोडो, कंपनी बंद पडो, हप्ता तुमच्या खात्यातून जात राहतो, आणि चुकला तर तुमचा क्रेडिट स्कोअर बिघडतो. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१मध्येच पालकांना सावध केलं होतं की अशा कंपन्यांना आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका आणि परताव्याचे नियम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुम्ही अशी परवानगी (मँडेट) दिली असेल तर ती बँकेच्या अ‍ॅपमधून आजच रद्द करा. कर्जाच्या कागदावर सही झाली असेल तर त्या संस्थेला लगेच विचारा, कर्ज परत करून बाहेर पडायची मुदत किती दिवसांची आहे. डिजिटल कर्जात अशी मुदत द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोकरी लावून देण्याबद्दल ते फोनवर काय बोलले ते सोडा, करारात काय लिहिलंय ते वाचा. जाहिरातीत फोटो असलेल्या मुलांना नको, तुमच्या ओळखीतून कोणी कोर्स केलेला सापडला तर त्याला विचारा.

पैसे परत मागायचे ते ईमेलने, फोनवर नाही. तारीख, रक्कम, पावतीचा नंबर, आणि ‘आम्ही प्रवेश घेत नाही, भरलेली रक्कम परत करावी’, बस. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करून तक्रार नोंदवा. कदाचित पाच हजार बुडतील. बुडाले तर बुडाले. ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले एक लाख ऐंशी हजार भरू नका.

आणि मुलीशी बोला. लांबलचक समजावणी नको. ‘तुझं बरोबर होतं, भीती माझी आहे’ एवढं म्हणालात तरी पुष्कळ झालं. मग एम.एस.च्या प्रवेशाचं बघा. आता अर्ज जीकॅस या गुजरातच्या सामाईक प्रवेश पोर्टलवरून भरावा लागतो आणि तारखा पुढे ढकलल्या जातील या भरवशावर राहू नये. दहावी-बारावीच्या मार्कशीटा, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो हे सगळं स्कॅन करून आज रात्रीच एका फोल्डरमध्ये ठेवा. फॉर्म तिलाच भरू द्या. तुमचा मोबाइल मात्र चार्ज करून तिच्याजवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येणार.